बुडालेल्या गाडीचा खर्च कुणाच्या गळ्यात?

सप्टेंबर २०२२च्या पावसात बंगळुरूच्या बेळ्ळंदूर-सर्जापूर पट्ट्यात महागड्या गाड्याही बुडाल्या आणि दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा, हे जुनंच भांडण नव्यानं पेटलं.

वॉरंटी सरळ हात वर करते. ती कारखान्यातल्या दोषापुरती.

विम्याचं गणित गुंतागुंतीचं. जुन्या मोटार दरपत्रकाच्या काळापासून सर्वसमावेशक पॉलिसीत पूर आहे, पण यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं. मेख इथेच. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, की ते पिस्टनला दाबता येत नाही. स्टार्टर मारला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सर्व्हेअर आधी विचारतो : पाण्यात गाडी सुरू केली होती का? 'हो' म्हटलं, की इंजिनाचा दावा लटकलाच.

बंगळुरूच्याही आधी, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईतही हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. १ जानेवारी २००७पासून गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. पुढे पाण्यानं झालेलं इंजिनाचं नुकसान भरून देणारं, जादा हप्त्याचं 'इंजिन प्रोटेक्ट' कवच बाजारात आलं. त्यालाही गाडीच्या वयाची अट असते.