दारू, मेंदू आणि विसर

गटाच्या बैठकीत बाया म्हणतात, "पिणारा मुद्दाम विसरतो, खोटं बोलतो." दर वेळी तसं नसतं. १८८१ साली बर्लिनच्या कार्ल वेर्निके यांनी डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे, भ्रम होणे ही लक्षणं नोंदवली. १८८७ साली मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव यांनी लिहिलं की, सतत पिणाऱ्याची आठवण जाते आणि न घडलेलंही तो खरं मानून सांगतो. मोठं कारण नंतर सापडलं: दारूपायी जेवण सुटतं, ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं.

दारू संप्रेरकंही बिघडवते. पुरुषाची ताकद आणि इच्छा घटते. बाई पीत असेल तर तिची पाळी बिघडते.

आपल्याकडे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, व्यसनाला आजार मानून. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली, त्यामागे बायांचाही रेटा होता.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. भांडण दारूशी करा, उपचार माणसावर करा.