नगरचा किल्ला, बारा कैदी आणि ‘देव आहे का?’

कृष्णविवर म्हणा, महास्फोट म्हणा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: मग देव आहे की नाही? आणि प्रश्न विचारणाऱ्याने मनात दोन तंबू आधीच ठोकलेले असतात. विज्ञानवाले सगळे नास्तिक, श्रद्धावाले सगळे विज्ञानाच्या विरोधात.

मी इतिहास वाचणारी बाई आहे, भौतिकशास्त्र शिकलेली नाही. पण इतिहासात हे तंबू काही नीट उभे राहत नाहीत.

महास्फोटाचंच घ्या. विश्वाची सुरुवात एका अतिशय दाट बिंदूसारख्या अवस्थेतून झाली असावी, ही कल्पना 1931 मध्ये मांडली जॉर्ज लमेत्र यांनी. ते बेल्जियमचे, आणि पेशाने कॅथलिक पाद्री! ‘बिग बँग’ हा शब्द 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर वापरला फ्रेड हॉइल यांनी, तोही कल्पना पटत नव्हती म्हणून. हॉइल त्या काळात पक्के नास्तिक. विश्वाला ‘सुरुवात’ असणं त्यांना धर्मग्रंथातल्या गोष्टीसारखं वाटायचं. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञानाने निर्मितीला साक्ष दिली असं जाहीर केलं, तेव्हा नाराज कोण झालं? खुद्द लमेत्र. माझा सिद्धांत देवाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या भांडणात आपला कोल्हापूरचा माणूसही होता. जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी. विश्वाला आरंभ नाही, ही बाजू त्यांनी लावून धरली. 1965 मध्ये सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी सापडल्या आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले, नारळीकर मात्र पर्यायी सिद्धांत शोधत राहिले. (याच माणसाने 1974 मध्ये ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती. अक्षर ओळखू नये म्हणून ती मंगलाताईंनी लिहून काढली!)

पण दोन तंबूंची वाटणी मोडणारी माझी सगळ्यात आवडती गोष्ट नगरची आहे. जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, मी 1942 चं सांगतेय म्हणून अहमदनगर म्हणते.

9 ऑगस्ट 1942. ‘छोडो भारत’चा ठराव आदल्या रात्री झालेला. पहाटे मुंबईत अटकसत्र झालं. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते आले नगरच्या किल्ल्यात. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव. आचार्य नरेंद्र देवही होते, समाजवादी आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक. एका आवारात इतक्या तऱ्हांची डोकी, आणि बाहेर जायला वाट नाही.

नेहरूंनी तिथे बागकाम केलं. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागायचे. मग 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात देवाबद्दल ते काय म्हणतात? विश्वात काहीतरी गूढ आहे हे त्यांना मान्य आहे, पण त्याला देव म्हणायला ते तयार नाहीत, कारण त्या शब्दाला चिकटलेलं बरंच काही त्यांना पटत नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त मात्र ते आवडीने देतात. सृष्टी कशी झाली हे वर बसलेल्यालाही ठाऊक आहे की नाही, असा प्रश्न टाकून थांबणारं ते सूक्त. आणि ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुजला तो मुख्यतः या पुस्तकामुळे. नवा पुरावा आला तर मत बदलायची तयारी, असा त्याचा अर्थ. 1976 मध्ये तो संविधानाच्या 51-क मध्ये मूलभूत कर्तव्य म्हणून आला.

आता गंमत बघा. त्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. शनी सूर्याभोवती एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांत मारतो. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची झाली साडेसाती. इथवर निरीक्षण चोख आहे, आणि ज्यांनी दुर्बिणीशिवाय ते केलं त्यांना माझा सलाम. त्या ग्रहामुळे तुमची नोकरी जाते, हे पुढचं वाक्य मात्र तपासावं लागतं. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर वगैरे सहकाऱ्यांबरोबर तसं तपासलं होतं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली, आणि एकूण बरोबर उत्तरं निम्म्याच्याही खाली! नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

पण देव आहे का, याला अशी कुंडली-चाचणी लावता येत नाही. तिथे मला मौलाना आझाद जवळचे वाटतात.

आझाद पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतः चहा करायचे, बिनदुधाचा, चिनी जाईचा. आणि आपले मित्र नवाब सद्र यार जंग यांना उर्दूत पत्रं लिहायचे. ती टाकता येणार नाहीत हे माहीत असून. पुढे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने ती छापली गेली. त्यात ते सांगतात की घराण्यातून आलेली श्रद्धा तरुणपणीच ढासळली होती. संशयाच्या काळातून जाऊन ते परत श्रद्धेकडे आले, पण ही त्यांची स्वतःची होती. देवाबद्दल लिहिताना ते चक्क उत्क्रांतीचा आधार घेतात: माणूस पायऱ्या चढत इथवर आला, तर वर बघायला काहीच नसेल का? मला हा युक्तिवाद फारसा पटत नाही. ओढ असणं म्हणजे वस्तू असणं नव्हे. पण पुरावा विज्ञानाकडे मागावा, श्रद्धेकडून तो मिळत नाही, हे आझाद स्वतःच कबूल करतात. श्रद्धा त्यांना जगायला हवी होती.

ते जगणं कसं, ते 1943 च्या एप्रिलमध्ये दिसलं. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर मी लगेच पोहोचवतो, असं तुरुंगाच्या अधीक्षकाने सांगितलं. आझाद नाही म्हणाले. नेहरू समजवायला आले, त्यांनाही नाही. ज्या सरकारशी लढतोय त्याच्यापुढे हात पसरायचा नव्हता.

9 एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझाद सांगतात की दिनक्रम त्यांनी जराही बदलू दिला नव्हता, वेळेवर जेवण, वर्तमानपत्र, सगळं. आणि हेही सांगतात की ते दाखवण्यापुरतं होतं, आतून फार जड जात होतं. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते ठाऊक नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजर पडली असेल. आता तिच्याकडे पाहिलं की वेगळीच जवळीक वाटते, असं त्यांनी लिहिलंय, आणि काल संध्याकाळी आपण बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो, असंही.