१० ऑगस्ट १९१५ : मूलद्रव्यांना क्रमांक देणारा मोज्ली

गॅलिपोलीच्या लढाईत ब्रिटिश सैन्यातला एक संदेशवहन अधिकारी या दिवशी डोक्यात गोळी लागून ठार झाला. भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोज्ली. वय अवघे २७.

रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९मध्ये मूलद्रव्ये आवर्त सारणीत अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली खरी, पण काही जागी तो क्रम त्यालाच मोडावा लागला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड. तरी आयोडीनला क्लोरीन-ब्रोमीनच्या गोतावळ्यात बसवायचे, तर टेल्युरियम आधी घेणे भाग होते. मोज्लीने १९१३-१४मध्ये एकेका मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ दर मूलद्रव्यागणिक ठरावीक टप्प्याने वाढत होते. म्हणजे सारणीतली जागा अणुभार ठरवत नाही. ठरवतो तो केंद्रकावरचा धनप्रभार, अर्थात अणुक्रमांक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. पेच सुटला!

४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या असल्याचेही त्याने दाखवले. त्यांपैकी ऱ्हेनियम (७५) १९२५मध्ये सापडले, प्रोमेथियमला (६१) मात्र १९४५ उजाडले.

मोज्ली सैन्यात स्वतःहून गेला होता. तरीही अशा संशोधकाला आघाडीवर धाडल्याबद्दल त्याचे गुरू रदरफोर्ड यांनी ‘नेचर’मध्ये लष्करी कारभारावर टीका केली.