सुधा म्हणजे चुना

पेडण्याच्या आमच्या घराच्या दर्शनी भिंतीला सहा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने सिमेंटचा गिलावा केला. बाबा तेव्हा होते. ओसरीवर बसून ते एवढेच म्हणाले, "चिरा आहे तो. त्याला वारा लागतो रे." मी ऐकले नाही. करणी, रंधा, ओळंबा सगळे जमू लागले होते. खिडक्यांभोवती चार बोटांची उठावदार पट्टी काढली, सूत मारून तिला पांढरा ऑइलपेंट दिला, भिंतीला पिवळा. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड आले. तिसऱ्या वर्षी गिलावा पोकळ वाजू लागला आणि आतल्या खोलीत लोणा फुटला. तो पाहायला बाबा राहिले नव्हते.

जांभा चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडून देतो. चुना त्याला तसे करू देतो. सिमेंट कडक, त्याला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते आणि मग बाहेर पडायला वाट राहत नाही.

नोकरीसाठी मी बंगळुरात असतो. तिथे विधानसौधासमोरून जाताना मनात येई, सौध म्हणजे नेमके काय? उत्तर शब्दातच आहे. संस्कृतात 'सुधा' म्हणजे अमृत तसाच चुनाही. सुधेने लिंपलेले ते सौध. तमिळमध्ये गोपुरांवरच्या चुन्याच्या मूर्तिकामाला आजही 'सुदै' म्हणतात. (१९५६ साली पुरे झालेले विधानसौध मात्र ग्रॅनाइटचे आहे!) मराठीने चुना पानाला आणि फसवणुकीला ठेवला, सुधा मुलींच्या नावात.

चुन्याची गोष्ट गोल आहे. शिंपले भट्टीत जाळले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवून भिंतीवर चढवला की हवेतून तोच वायू परत ओढून घेत तो पुन्हा दगड होतो. सावकाश, थरा-थराने. घाई त्याला चालत नाही. तीन वर्षांहून ताजा चुना कंत्राटदाराने वापरू नये, असा जुन्या रोमचा नियम प्लिनीने नोंदवला आहे.

घाई आली ती इंग्लंडातून. लंडनमध्ये विटांच्या घरांना दगडाचा थाट हवा होता. १७९६ साली जेम्स पार्करने झटपट घट्ट होणाऱ्या 'रोमन सिमेंट'चे पेटंट घेतले. जॉन नॅशच्या काळात रस्तेच्या रस्ते गिलाव्याने मढले. ओल्या गिलाव्यावर रेघा ओढून दगडी सांधे भासवत. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने आपल्या सिमेंटला पोर्टलंडच्या दगडाचे नाव दिले. नावातच नक्कल! भारतात १९१४ साली पोरबंदरला सिमेंट निघू लागले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत चुन्याच्या घाण्या थांबल्या.

गोवा आणि कोकणच्या गवंड्यांनी चुन्याला दगडाचे सोंग दिले नाही. कावीचे काम पाहा: पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडाने खरवडून काढलेली वेलबुट्टी. मोरजीला मोरजाईच्या देवळात ते आहे. चूक झाली तर पुसता येत नाही.

यंदा एप्रिलात मी माझा गिलावा छिन्नीने उतरवला. पूर्वी घाईत मी खिडकीभोवतीचा जुना चुना नुसता टोचे मारून तसाच ठेवला होता. तो सिमेंटला चिकटून पापुद्र्यासारखा सुटून आला. त्याची कड घासून पाहिली. पांढरा, निळीचा, पांढरा, पिवडीचा, पुन्हा पांढरा. एकतीस मोजले, पुढे ते एकमेकांत मिसळले होते. एकेक थर म्हणजे एकेक चुन्याचा हात, कुणीतरी शिडीवर चढून दिलेला. वरचे काही नक्कीच बाबांचे. घराण्याची कागदपत्रे वाळवीने खाल्ली. हे तेवढे उरले होते, आणि त्यावर मी सिमेंट थापले होते.

तो तुकडा मी कपाटात ठेवला आहे. भिंतीवर चुन्याचा गिलावा चढवला, ऊन लागू नये म्हणून ओली गोणपाटे टांगली, आणि तो सुकल्यावर पट्टीला पातळ चुन्याचे तीन हात दिले. ओला असताना तो काहीच दिसत नाही. संध्याकाळी बसून राहिलो तेव्हा हळूहळू पांढरा होत गेला. उजव्या खिडकीची कड जरा तिरकी आली आहे. पुढच्या मे महिन्यातल्या हाताला तेवढी सरळ करून घेईन.