एकच वस्तू, नावे अनेक

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील हार्डवेअरच्या दुकानात वस्तूचे नाव ती मागणाऱ्याच्या प्रांतानुसार बदलते. दार ज्यावर फिरते ती मराठी माणसाची बिजागरी. हा शब्द पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आला असून गुजरातीतील 'मिजागरुं' हे त्याचेच भावंड होय. उत्तर भारतीय सुतार मात्र तिला 'कब्जा' म्हणतो. दाराला तीन कब्जे लागतील, हे ऐकून मराठी घरमालक क्षणभर दचकला तर नवल नाही! उलट, बारीक खिळ्यांना मराठीत 'चुका' म्हणतात आणि त्या वजनावर विकत मिळतात, याची गंमत परप्रांतीयाला वाटते. पक्कड हिंदीत 'प्लास' होते, नट 'ढिबरी' होतो. विजेच्या बल्बला गुजरातीत 'गोळो', तर हिंदी पट्ट्यात 'लट्टू' म्हणतात. मराठीतला जुना 'खटका' मागे पडून त्याच्या जागी 'बटण' आले.

हे घोळ फारसे नुकसान करीत नाहीत. वस्तूकडे बोट दाखवले की काम भागते. मापांच्या नावांचे तसे नाही.

देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. तथापि 'सूत' अद्याप टिकून आहे. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरहून किंचित कमी. गवंड्याची 'तीन सुती' सळई आज १० मिलिमीटरची, तर 'चार सुती' १२ मिलिमीटरची समजली जाते. हिशेब तंतोतंत नसला, तरी उभयपक्षी अर्थ ठरलेला आहे.

विजेच्या तारेबाबत असा ठरलेला अर्थ नाही. जुने वायरमन 'तीन-वीस', 'सात-वीस' अशी मागणी करीत. पहिला आकडा तारेतील पदरांचा, दुसरा प्रत्येक पदराच्या गेजचा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पदर बारीक. आजच्या चौरस मिलिमीटरच्या मापात याच्या नेमके उलट. तीन-वीसचे क्षेत्रफळ सुमारे १.९७ चौरस मिलिमीटर भरते. बाजारातील नेहमीची मापे मात्र १.५ आणि २.५. साहजिकच, जुन्या नावाने मागणी केल्यास दुकानदार यांपैकी कोणतीही तार पुढे करू शकतो. दिव्या-पंख्यांसाठी १.५ ची तार पुरते. गिझरसारख्या उपकरणासाठी २.५ ची, तर एअर कंडिशनरसाठी बहुधा ४ ची वापरतात. तार बारीक आणि तिच्या संरक्षणासाठी बसवलेला एमसीबी मोठ्या क्षमतेचा असेल, तर तार तापत राहते आणि एमसीबी पडत नाही. तार भिंतीतील पाइपात असल्याने हे बाहेरून दिसतही नाही.

चौरस मिलिमीटरचा आकडा तारेच्या आवरणावर छापलेला असतो. पाइपात ओढण्यापूर्वी तो वाचता येतो.