मक्तेदारीविरोधी कायदा आणि 'ग्राहककल्याणा'ची कसोटी

लॉस एंजेलिसमधील 'व्हॉन्स' या किराणा दुकानांच्या साखळीने १९६० साली 'शॉपिंग बॅग' ही प्रतिस्पर्धी साखळी विकत घेतली. दोहोंचा मिळून शहरातील किराणा विक्रीतील वाटा अवघा साडेसात टक्के होता. तरीही १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे विलीनीकरण बेकायदेशीर ठरविले. त्या शहरातील एकच दुकान चालविणाऱ्या मालकांची संख्या १९५० मध्ये ५,३६५ होती, ती १९६१ मध्ये ३,८१८ वर आली होती. न्यायालयाचा भर या घसरणीवर होता. ग्राहकाला माल महाग पडेल काय, हा प्रश्न निकालात जवळजवळ आलाच नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षी येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट बोर्क यांनी एका लेखात नेमकी उलट बाजू मांडली. १८९० चा शर्मन कायदा करणाऱ्यांचा हेतू एकच होता, ग्राहककल्याण, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे वाचन एकांगी म्हणावे लागेल. वाढत्या किमतींची चिंता सिनेटर जॉन शर्मन यांना होतीच. पण राजकारणात राजा नको, तसा व्यापारातही नको, असा युक्तिवाद त्यांनीच सिनेटमध्ये केला होता. त्या काळी स्टँडर्ड ऑइलचे रॉकेल स्वस्त होत चालले होते. लोकांचा रोष होता तो तिच्या सत्तेवर. शिवाय बोर्क यांच्या 'ग्राहककल्याणा'त उत्पादकाचा नफाही धरलेला होता! शब्द ग्राहकाचा, हिशेब एकूण कार्यक्षमतेचा.

बोर्क यांचा ग्रंथ १९७८ मध्ये आला. पुढच्याच वर्षी श्रवणयंत्रांच्या किमतींसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हवाला देऊन ग्राहककल्याण हाच शर्मन कायद्याचा हेतू असल्याचे म्हटले. वस्तुतः तेथे प्रश्न एवढाच होता की, जादा किंमत मोजावी लागलेल्या ग्राहकाला भरपाईचा दावा लावता येतो काय. पण ते वाक्य रुजले. १९९३ मध्ये सिगारेट कंपन्यांच्या वादात न्यायालयाने आणखी एक अट घातली. तोट्यात विकून प्रतिस्पर्धी संपविल्याचा आरोप करणाऱ्याने, तो तोटा पुढे भरून निघण्याचा संभव आहे हेही सिद्ध केले पाहिजे. छोट्या व्यापाऱ्याला हे पुरावे कोठून मिळणार?

लीना खान यांनी २०१७ मध्ये ॲमेझॉनवरील आपल्या लेखात याच अटीवर बोट ठेवले. २०२१ ते २०२५ या काळात त्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्षा होत्या. कमिशन व न्याय विभागाने २०२३ मध्ये विलीनीकरणाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ब्राऊन शू या १९६२ च्या निकालाचा आधार पुन्हा घेतलेला दिसतो.