धावणाऱ्या क्रियापदाचा माग

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या वर्षातच भेटणारे क्रियापद म्हणजे 'रन'. अर्थ विचारा, ते चटकन सांगेल, धावणे. पुढे चार पुस्तके वाचू लागले की त्याची पंचाईत सुरू होते. इंग्रजीत नदी 'रन' होते, सर्दी झाली की नाक 'रन' होते, धुण्यात कपड्याचा रंग 'रन' होतो. माणसे कारखाना 'रन' करतात. नाटक शंभर रात्री 'रन' होते. आणि रस्ता टेकडीवरून 'रन' होतो, जो बिचारा जागचा हलतसुद्धा नाही!

या क्रियापदांनी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चक्क तक्रार मांडली आहे. कम, गेट, गिव्ह, पुट, सेट, रन, टेक असली क्रियापदे इंग्रजीत फार झाली आहेत, त्यांचे अर्थ सैल आहेत आणि मूळ कल्पनेपासून ते इतके लांब गेले आहेत की माग काढणे कठीण, असा तिचा आशय. एकट्या 'टेक'चे त्यांनी १३४ अर्थ नोंदवले. आपल्याला याचे फार नवल वाटू नये. आपल्याकडे भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि परीक्षेचा निकालही लागतो. परभाषकाला हे समजावून सांगायला बसा, म्हणजे जॉन्सनसाहेबांचे दुःख कळेल.

पुढचे मोठे काम ऑक्सफर्डच्या कोशाचे. त्याचा पहिला भाग १८८४ साली आला, काम पुरे व्हायला १९२८ उजाडले. प्रमुख संपादक जेम्स मरे यांनी घराच्या बागेत पत्र्याची एक शेड उभारली होती. जगभरचे हौशी वाचक पुस्तकांतली वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून तिथे धाडत. एका शब्दाच्या चिठ्ठ्या वर्षवार लावल्या की कोणता अर्थ आधी जन्मला आणि कोणता नंतर, हे दिसू लागे. माझ्या मते या कोशाची खरी थोरवी इथे आहे. तो नुसते अर्थ सांगत नाही, शब्दाचे चरित्र सांगतो. मरे स्वतः १९१५ साली वारले, तेव्हा 'टी' या अक्षराचे काम चालू होते.

'रन'चे चरित्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. वाहणे हा अर्थ कुणी मागाहून चिकटवलेला नाही, तो धावण्याइतकाच जुना आहे. इंग्रजीची बहीण जर्मन. तिच्यातला 'रिनेन' हा सख्खा शब्द आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणजे वाहते नाक आणि उतरता रंग हे 'रन'च्या जुन्या घरातलेच. नवी माणसे आली ती यंत्रयुगात. आगगाड्या 'रन' होऊ लागल्या, यंत्रे 'रन' होऊ लागली, मग ती यंत्रे बसवलेले कारखाने मालक 'रन' करू लागले. विसाव्या शतकात संगणकाचा प्रोग्रॅमही त्याच रांगेत येऊन उभा राहिला.

१९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, सुमारे ६० हजार शब्दांची. नंतर सुधारणेचे काम सुरू झाले आणि २००० साली 'मेक', २००७ साली 'पुट' यांनी तिला मागे टाकले. २०११ साली पाळी आली 'रन'ची. कोशकार पीटर गिलिव्हर या एका क्रियापदापाशी नऊ महिने बसून होते. हाती आले ६४५ अर्थ. यंत्रयुगाने 'रन'ला जिंकवले, असे तेव्हा लिहिले गेले. त्यात तथ्य आहे, पण 'सेट'ची सुधारणा त्या वेळी व्हायची होती, हेही सांगायला हवे. शर्यत तशी बरोबरीची नव्हती.

शिवाय हे अर्थ सगळीकडे सारखे चालत नाहीत. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधला उमेदवार 'स्टँड' करतो. आपण ब्रिटिशांच्या वळणाने गेलो, आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. क्रिकेटमध्ये मात्र 'रन'ची सरळ धाव झाली. खुद्द इंग्लंडात अठराव्या शतकात काठीवर खाचा पाडून गुण मोजत आणि धावेला 'खाच' म्हणत. आपल्याकडे बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणले, आणि 'रनिंग कॉमेंटरी'चे धावते समालोचन झाले. समालोचन कसे धावेल, असे कुणाही श्रोत्याने कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.